थोरलीचा पोळा

कुहीकडच्या गोपाळरावांना अपत्यं दोन. थोरली म्हणजे ट्रक आणि धाकटा रजत. ही गाडी रजतच्या जन्माआधी घरात आली, म्हणून तिचं नावच थोरली पडलं. धान वाहून वाहून ती इतकी हट्टी झाली होती, की गोपाळरावांखेरीज कोणाच्या हाताला दादच देत नसे. आधी चावी फिरवायची, मग डाव्या मडगार्डवर लाथ घालायची आणि वर एक ठरलेली शिवी हासडायची. मग ती असा धूर सोडी, की पार उमरेडच्या बाया पाऊस आला समजून वाळवण गोळा करत. शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. त्यांच्या बायको शोभाताई तेवढ्यापुरत्या आत जात.

या हट्टावरच गोपाळरावांचं गावात राहणं टिकून होतं. नागपूरच्या मनीषनगरात फ्लॅट घेतल्यापासून रजत आईबापाला तिकडे न्यायच्या मागे लागला होता.

"येतो ना गा," गोपाळराव म्हणत. "पन थोरलीले कोन चालू करन?"

रजत मग एकटाच परत जाई.

यंदा उन्हाळ्यात थोरलीचं इंजिन फुटलं. त्या आवाजाने उडालेले बगळे अजून परतले नाहीत, असं गावात अजून सांगतात. गोपाळराव उंबऱ्यावर सुतक लागल्यासारखे बसले. तर रजतच पुढे आला.

"बाबा, मी बनवून देतो तिले. नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक. लाथ मारनं तुमच्या गुडघ्याले झेपून नाही राहिलं."

पोराला बहिणीची माया आली, असं गोपाळरावांना वाटलं. ते स्वतः नागपूरला ताराचंद मिस्त्रीकडे जाऊन बसले. थोरली कुठे खोकते, नहराच्या पुलावर का रुसते, सगळं त्याला पोटच्या पोरीचं सांगावं तसं सांगितलं.

"लाथीची जागा तेवढी ठेव गा."

"काका, आता बटन राहते," ताराचंद हसला. "कोनी बी चालू करन."

मिस्त्री लोक फुशारकी मारतातच, म्हणून गोपाळरावांनी ते सोडून दिलं.

पोळा आला. तोरणाखाली बैलांची रांग लागते, ती सुटली की पोळा फुटला म्हणायचं, आणि ज्याच्या हाती कासरा, जनावर त्याचं, हा गावचा रिवाज. गोपाळरावांकडे बैल उरले नव्हते. पण रांगेच्या शेवटी ते दरवर्षी थोरलीला उभं करत, आरशाला घुंगरू बांधत आणि बंपरचा कासरा स्वतः धरत. यंदाही ते धुतलं धोतर नेसून, नवा कासरा घेऊन रस्त्याकडे डोळे लावून उभे राहिले.

थोरली आली. अंगावर तोच हिरवा रंग, तेच पोचे, आरशाला तेच घुंगरू. पण धूर नाही, खडखड नाही. चोरपावलांनी आली. स्टिअरिंगवर शेजारच्या वावरातले चंपतराव बसले होते. याच माणसाने एकदा तिला चालू करायच्या नादात पायाचा अंगठा मोडून घेतला होता. त्यांच्या शेजारी रजत.

"हे काय गा?"

"वावर ठेक्यानं देऊन राहिलो चंपतकाकाले," रजत खाली बघत म्हणाला. "गाडीसकट. तुमची खोली तिकडे तयार आहे, बाबा."

"मले इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं, थोरलीले कोन चालू करन."

गोपाळराव चंपतरावांकडे वळले. "बंद कर तिले. आन आता चालू करून दाखव."

इंजिन थांबलं. सारी भिस्त आता पोरीवर होती. चंपतरावांनी एका बोटाने बटन दाबलं आणि थोरली लगेच, लाडात आल्यासारखी, गुरगुरू लागली. साधी खोकलीसुद्धा नाही.

गोपाळरावांनी मडगार्डवर लाथ घातली, शिवीही दिली. बैलांनी माना वळवल्या. थोरलीला काही फरक पडला नाही.

"बाबा, लोक पाहून राहिले."

"कासरा द्या ना, गोपाळभाऊ," चंपतराव खिडकीतून हात काढून म्हणाले. "पोळा फुटून राहिला."

"कासरा माहा आहे," गोपाळराव म्हणाले आणि तो खांद्यावर टाकून घराकडे निघाले. मागे थोरली घुंगरू वाजवत तोरणाखालून गेली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

आता घरात शोभाताईंना सांगायचं होतं, की पोरांनी दगा दिला. निदान बायकोला तरी ते लागेल.

ओसरीवर शोभाताईंची लोखंडी पेटी भरून तयार होती. वर लुगड्याचं बोचकंही होतं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्याकडे पाहिलं.

"कासरा आनला काय? बरं झालं," त्या म्हणाल्या. "पेटीले बांधाले पाहिजेच होता."