मेस्त्रींची ट्रायल

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला मेस्त्रींनी गॅरेजचं शटर आवाज न करता उघडायचा प्रयत्न केला. शटरला असलं काही जमत नसतं. अख्ख्या गल्लीला कळलं.

बाहेर बायको उभी होती. अंगात त्यांचाच जुना स्वेटर, कानाला मफलर, हातात चहाचा थर्मास.

"कोणाची म्हणालात गाडी?"

"गिऱ्हाइकाची. ट्रायल घ्यायचीय."

ट्रायल म्हणजे दुरुस्त केलेली गाडी चौकापर्यंत नेऊन आणायची. तिला थर्मास लागत नाही. बायकोच्या ते लक्षात आलं असावं, पण वीस वर्षं जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरात सायकलच होती आणि तिला एकदा पुलापलीकडे जायचं होतं. ती मुकाट्याने मागे बसली.

गाडी चौकातल्या चष्मेवाल्यांची होती. क्लचची केबल गुरुवारी आली, त्याच संध्याकाळी मेस्त्रींनी ती बसवलीही. लाइट गेले म्हणून बॅटरी बायकोनेच धरली होती. शुक्रवारी चष्मेवाले विचारायला आले, तेव्हा गाडी ताडपत्रीखाली तयार होती. मेस्त्री म्हणाले, "केबल आली नाही हो अजून. सोमवारी बघा." त्यांच्या तोंडून ते इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

रस्ता मोकळा होता. धुक्यात जेमतेम दहा हात पुढचं दिसत होतं. थंडीने मेस्त्रींची बोटं बधिर झाली होती, पण पाठीमागून बायको हसत होती. तिला असं हसताना त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"जरा जोरात घ्या की. बैलगाडी आहे का?"

पुलाच्या अलीकडे बसस्टॉपवर एक माणूस पिशवी छातीशी धरून थंडीने पाय आपटत होता. मेस्त्रींनी मान खाली घातली आणि वेग वाढवला. बायकोने त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"अहो, थांबा. चष्मेवाले आहेत ते."

थांबावं लागलं.

"एवढ्या सकाळी कुठे?" बायकोने विचारलं.

"वडिलांकडे. दर सुट्टीला त्यांची दाढी करतो. हात थरथरतात त्यांचे." त्यांनी धुकटलेला चष्मा पुसून परत लावला. "आज बस अकरानंतर आहे म्हणे. ते आरशापुढे बसून राहिले असतील." मग त्यांना गाडी दिसली. "अरे, माझीच की. केबल आली?"

"काल संध्याकाळी," मेस्त्री म्हणाले. "म्हटलं, ट्रायल घेऊन टाकू."

"सुट्टीच्या दिवशी, माझ्यासाठी, या थंडीत? मेस्त्री, लाजवलंत तुम्ही मला."

खांद्यावरचा बायकोचा हात निघाला. ती खाली उतरली. थर्मास काखेत धरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मेस्त्रींना वाटलं.

"घ्या तुमची गाडी," ती चष्मेवाल्यांना म्हणाली. "ट्रायल झाली."

"आणि तुम्ही?"

"चालत जाऊ."

मेस्त्रींनी किल्ली पुढे केली, पण हातातून सोडवेना.

"केबल गुरुवारीच आली होती," ते म्हणाले.

चष्मेवाले त्यांच्याकडे बघत राहिले. "मी शुक्रवारी आलो होतो."

"हो."

"तुमच्या समोर उभा होतो."

"हो."

चष्मेवाल्यांनी हात पुढे केला. किल्ली घेतली, पिशवी हँडलला अडकवली आणि पुलावर चढले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली होती. एरवी मेस्त्रींना त्याचा अभिमान वाटला असता.

दोघं परत निघाले.

"मला फार बरं वाटलं होतं हो मागे बसून," बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आता ते कुठे ठेवू, सांगा."

मेस्त्रींनी थर्मास मागितला. तिने दिला नाही.