चरबीवरचा अंगठा

जहाज पाण्यात सोडायला ताकद लागते, असं लोकांना वाटतं. लागते ती चरबी. बांधून झालेलं जहाज उतारावर उभं असतं, त्याच्या खाली दोन लांब लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर चरबीचा थर. थर कडक झाला तर जहाज अडतं. पातळ झाला तर खालची माणसं बाहेर यायच्या आतच निघतं. थर नीट आहे का, हे अंगठ्याने दाबून बघायचं. सत्तावीस वर्षं तो अंगठा माझा. मुकादम मला अंगठेबहाद्दर म्हणतो, पण माझी सही त्याच्यापेक्षा चांगली आहे.

तीन महिन्यांपूर्वी अंगठा बधिर झाला. विस्तव आणि बर्फ त्याला सारखेच. कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. अंगठा वजा केला तर माझ्याकडे उरतं काय? दुखरे गुडघे. मी दाबल्यासारखं करायचो, कपाळाला आठ्या घालायचो आणि मान हलवायचो. दोन जहाजं अशीच गेली.

काल तिसरं होतं. ऊन मी म्हणत होतं. मेव्हणा घण घेऊन आला. त्याला इथे मीच चिकटवलेला. जहाजाखाली सरपटत जाऊन शेवटचे टेकू पाडायचे, हे त्याचं काम.

"भावजी, बघितलंत ना?"

"बघितलं."

तो खाली शिरला. एवढ्या उन्हात चरबी पातळ झाली असली, तर तो बाहेर येणारच नव्हता. शिवाय खोटं रेटायचाही आता कंटाळा आला होता. मी मुकादमाकडे गेलो.

"सगळ्यांना बाहेर काढा. मला चरबी कळत नाही."

"म्हणजे?"

"अंगठा मेलाय. तीन महिने झाले."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने माणसं बाहेर काढली आणि उतारभर हिंडून स्वतः दाबून पाहिलं. त्यात तास गेला.

"चरबी ठीक आहे," तो म्हणाला. तोवर उधाणाची मोठी भरती ओसरली होती, म्हणजे आता पंधरा दिवस थांबणं आलं. "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

चरबी ठीक होती, हे ऐकून मी रडायचाच बाकी राहिलो.

मेव्हणा रोजच्यासारखा घरापर्यंत आला. दाराशी थांबला.

"मागची दोन?"

"अंदाजानेच."

"दोन्ही वेळा मी खाली होतो."

"हो."

तो वळून चालू लागला. मी पायरीवर टेकलो. आतून बायको म्हणाली, "भाऊ आलाय ना? दोघांचा चहा टाकते."

"एकाचाच टाक," मी म्हणालो.