जरा धरा

बाळंतपणाची रजा संपवून बाई शाळेत रुजू झाल्या, त्याला आठवडा झाला होता. शिक्षकांच्या खोलीत जो तो विचारायचा, "काय हो, बाळाला सोडून करमतं का?" बाई ठरलेलं हसू हसून म्हणायच्या, "कसलं करमतंय."

खरं तर करमत होतं. दाढ काढताना भूल दिलेल्या गालासारखं सगळं झालं होतं. हात लागलेला कळायचा, पण आपल्याला लागल्यासारखं वाटायचं नाही. आपल्याला पोटच्या गोळ्याचंही काही वाटत नाही की काय, ही एकच धास्ती तेवढी जागी होती.

बाईंच्या वर्गाचा जुना रिवाज असा, की आधी कविता वाचायची, तिच्यातल्या उपमा-रूपकं वेचायची, मग प्रत्येकाने आपली एक ओळ लिहायची. ओळ शिळी निघाली की सगळ्यांनी बाक वाजवायचा. यातून बाईंनाही सूट नव्हती. त्यांची ओळ फळ्यावर, सर्वांदेखत.

आजचा विषय होता घरातलं माणूस.

"माझा दादा म्हणजे बाथरूमचं दार," शेवटच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली. "कधीही जा, आतून बंद."

वर्ग खिदळला. या मुलीचं तोंड कधी मिटायचं नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत.

"आता तुमची, बाई. बाळावर लिहा."

बाईंनी खडू घेतला. 'बाळ फुलासारखं.' बाक वाजले.

"परवाची भाजी आहे ही, बाई," रेडिओ म्हणाली.

बाईंनी पुसून लिहिलं, 'काळजाचा तुकडा.' बाक आणखी जोरात वाजले. बाईंना राग आला नाही, हसूही आलं नाही.

"तुम्हीच म्हणता ना, ऐकलेलं लिहू नका, दिसतं ते लिहा म्हणून?" रेडिओ म्हणाली.

बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग हात आपोआप चालावा तसा चालला. 'बाळ म्हणजे अनोळखी माणसाने जरा धरा म्हणून हातात दिलेली पिशवी. तो माणूस अजून परत आलेला नाही.'

लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही पोरं घरी जाऊन सांगणार. पण बाक वाजला नाही.

"मग खाली का नाही ठेवत?" रेडिओने विचारलं. थट्टेने नव्हे, ओळ तपासायची वर्गाची पद्धतच तशी होती.

बाईंनी विचार केला. "आत काचेचं काही असलं तर?"

"मग तेही लिहा की. त्याशिवाय ओळ अर्धीच आहे."

बाईंनी ते खाली जोडलं. घंटा झाली.

घरी दारातच सासूबाई बाळाला घेऊन उभ्या होत्या. "आलीस? धर गं बाई, माझे हात भरून आले."

बाईंनी पर्स खांद्यावरून न उतरवताच बाळ घेतलं. ते झोपेत होतं. चहाचं आधण ठेवून सासूबाई पुन्हा बाहेर डोकावल्या.

"अगं, झोपलंय ते. ठेव ना आता खाली."

"राहू दे."

वाटायला हवं तसं आताही काही वाटत नव्हतं. खांद्यावरची पर्स घसरून कोपरापाशी आली, दंडाला रग लागली. बाळाच्या मानेखालचा हात मात्र बाईंनी हलवला नाही.