आलुबुखाराची बरणी

लेकीला वरचं खाणं सुरू केलं आणि तिला शी होईना. लालबुंद होऊन कुंथायची, पाय पोटाशी घ्यायची आणि शेवटी माझ्याकडे बघून ओठ काढायची, जणू मीच आतून कडी लावून घेतली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रून भिजवून, कुस्करून द्या.

"प्रून काय प्रून! आलुबुखार म्हण," बाबा म्हणाले. "आणि एकटी जाऊ नकोस. काहीही गळ्यात मारतील."

बाबांचं सुकामेव्याचं दुकान होतं. आधी आई गेली, मग त्यांच्या किडन्या, मग दुकान. आता ते आमच्याकडे राहत होते आणि दिवसाआड डायलिसिसला जात होते. पाणी मोजून, फळं नावापुरती, सुकामेवा पूर्ण बंद. सुकामेव्यातलं पोटॅशियम धडधाकट माणसाला चांगलंच असतं, पण बाबांच्या रक्तात ते साठून राहायचं. फार साठलं तर हृदय थांबू शकतं, असं सिस्टरनी मला बाजूला घेऊन, पण बाबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं होतं.

बाजारातल्या दुकानात शिरताच बाबा एकदम ताठ झाले. उघड्या पेटीतलं एक आलुबुखार उचलून दोन बोटांत दाबलं, दुसरं दाबलं.

"काका, बघताय की मालिश करताय?" दुकानदार म्हणाला.

"मऊ हवं, पण बोटाला चिकटायला नको. हे चिकटतंय. वरून तेल चोळलंयस चकाकीला." त्यांनी एक नाकाशी नेलं. "आंबूस. उन्हात ठेवलंस ना पेटी? आतलं काढ."

आतलं पाकीट आलं. "वाच गं मागे काय लिहिलंय. साखर नाही ना घातलेली? पोरीला नुसतं फळ हवं." आणि पाकिटातल्या एकावरच्या पांढुरक्या डागावर नख ठेवून, "ही फळाचीच साखर आहे, वर आलेली. बुरशी असती तर केसाळ दिसली असती. घे हे."

"तुम्हाला नको का काका?"

"मी आता वासावर भागवतो."

घरी त्यांनी काचेची बरणी कोरडी ठणठणीत करून घेतली. झाकण घट्ट, जागा फ्रिजमध्ये. "ओला चमचा घातलास तर मी घर सोडून जाईन," म्हणाले. मग लेकीला मांडीवर घेऊन गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत बसले. "पोटाला तर आहेच शेठाणी, पण हाडांनाही बरं. थोडं लोहसुद्धा मिळतं. कडक झालं तर टाकायचं नाही हं, कोमट पाण्यात ठेवायचं. पुन्हा मऊ होतं."

ती त्यांची शेठाणी. तिनं त्यांचं बोट चोखलं.

"सगळी गल्ली यायची ह्याच्यासाठी माझ्याकडे," ते मला म्हणाले. "मोठमोठी माणसं. उगाच बदाम चाळत उभी राहायची. बाकीचे गेले की हळूच, 'ते द्या हो, ते.' मी मान वर न करता पुडी बांधायचो. कुणाला नावसुद्धा घ्यायला लावलं नाही."

मला हसू आवरेना.

लेकीला गुण आला. मी लंगोट बदलायला घेतला की बाबा बाहेरून ओरडायचे, "काय, शेठाणींनी दुकान उघडलं का?" त्या दिवसांत घरात जरा बरं वाटत होतं.

बरणी मात्र भराभर खाली जायला लागली. मी नवऱ्याला विचारलं. "मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. मला वाटलं, लाजतोय. नवं पाकीट आणलं.

मग एका सकाळी बाबांना पलंगावरून उठता येईना. "पायांत वाळू भरल्यासारखं झालंय," म्हणाले. ओठांना मुंग्या, शब्द जड. लेकीला शेजारणीकडे टाकून मी आणि नवऱ्यानं त्यांना उचलूनच गाडीत घातलं.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून ईसीजीचा कागद काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय खाल्लंत? केळं? नारळपाणी?"

"काही नाही," बाबा छताकडे बघत म्हणाले.

"सुकामेवा?"

बाबांनी चादर वर ओढून घेतली. तेव्हा मला ती भराभर खाली जाणारी बरणी आठवली. "प्रून," मी म्हटलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

पुढचं मला पडद्याच्या फटीतून दिसलं. सुया, धावपळ, आणि मग एक जण बाबांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबतोय. नवऱ्यानं माझं तोंड आपल्या खांद्यात घेतलं, तरी आवाज येतच होता.

"थांबलं होतं. परत आणलं," डॉक्टर नंतर म्हणाले. "पण हृदय फार कमजोर झालंय. पुढच्या वेळी जमेलच असं नाही." मग फाइल मिटून, "या पेशंटांना बद्धकोष्ठ होतंच हो. पाणी कमी, भाजी-फळं कमी, त्यात गोळ्या. चमचाभर औषध लिहून दिलं असतं. सांगायला हवं होतं त्यांनी."

बाबांना शुद्ध आली तेव्हा छाती दाबताना दुखावलेल्या बरगड्यांमुळे त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता.

"बाबा, किती दिवस होत नव्हतं?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मुलगी आहेस."

"मग ह्यांना सांगायचं."

"जावयाला?" एवढ्या दुखण्यातही त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडीच आहे. मग पुटपुटले, "तुझ्या आईला सांगायचो. तिला सांगावंही लागायचं नाही. तोंडावरून ओळखायची. दोनच घेत होतो गं आधी. मग दोनानं होईना."

"आता दुखतंय का पोट?"

त्यांनी हात पोटावर ठेवला. "फार," म्हणाले. "फार दुखतं गं."

मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी औषध दिलं. संध्याकाळी कळ आली तेव्हा इस्पितळातल्या मावशी दुसऱ्या वॉर्डात होत्या आणि बाबांना उठायची परवानगी नव्हती. मी पडदा ओढला, भांडं घेतलं, त्यांच्या कमरेखाली हात घातला. किती हलके झाले होते. माझ्या बापाची कंबर मी आयुष्यात पहिल्यांदा उचलत होते.

"तोंड तिकडे कर."

मी केलं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ते कण्हत होते, आणि कण्हताना मध्येच, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये म्हणून, खोकल्याचं सोंग करत होते.

सगळं आवरून मी त्यांना पुसून घेतलं, चादर नीट केली. ते रडत होते, पण आवाज न करता.

"जावईबापूंना सांगू नकोस," म्हणाले.

"नाही सांगणार."

"आणि उद्या..." ते थांबले. धाप लागली होती.

"उद्या मी विचारेन, बाबा. तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा."

त्यांनी मान हलवली. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी पुढे सरकत होती, आणि मी ती थांबते की काय म्हणून बघत उभी होते.