संध्याकाळचं माप

"बसा की काकू, खुर्ची कशासाठी ठेवलीय?" स्टोअरकीपर म्हणाला. त्याच्या एका हातात पायाचं माप घ्यायची लाकडी पट्टी होती, दुसऱ्या हातात यादी.

"उभ्यानं घ्या," मी म्हटलं.

"बसून घ्यायची पद्धत आहे."

"काम बसून करायची पद्धत असती तर मापही बसून दिलं असतं. आणि आत्ता सकाळी नऊला नाही देणार. संध्याकाळी पाळी सुटताना या."

माझ्या मागे रांगेत एक्केचाळीस बायका होत्या. कुणी खुदकन हसलं, कुणी 'झालं हिचं सुरू' म्हणून सुस्कारा सोडला. झाकणवाली, म्हणजे बाटल्यांना झाकणं बसवायच्या मशीनवर असते ती, मोठ्यानंच म्हणाली, "काकू, तुम्ही चार महिन्यांत घरी जाल. आमचे बूट कशाला अडवताय?"

तिचं चुकलं नव्हतं. तीन वर्षांनी एकदा बूट मिळतात. त्यात नमुना पसंत करायच्या कागदावर तीन सह्या लागतात: मोठ्या साहेबांची, स्टोअरकीपरची आणि बायकांतर्फे एकीची. ती एक मी. सव्वीस वर्षं औषधाच्या बाटल्या तपासतेय म्हणून. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जातात, त्यांत तडा, बुडबुडा, कचरा दिसला की उचलून बाजूला करायची. पट्टा छातीच्या उंचीवर आहे, त्यामुळे बसून काही दिसत नाही. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं की पट्टा खाली का नाही घेत. तेव्हापासून मला तोंडाळ म्हणतात.

आता पायाचं सांगते, कारण पायाचं कुणी सांगत नाही. सकाळी माझा पाय पाच नंबरचा असतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बुटाची नाडी रुतायला लागते. संध्याकाळी तोच पाय सहा नंबरचा होतो. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. हे सगळ्याजणींना ठाऊक आहे. तरीही दर तीन वर्षांनी सकाळी नऊला, ताज्यातवान्या, खुर्चीत बसून आम्ही माप देत आलो. साहेब सांगतात म्हणून नाही. सुजलेला पाय परक्या माणसासमोर पुढे करायची लाज वाटते म्हणून.

मीही दिलं होतं. आणि तेवढ्यावर थांबले नव्हते.

मागच्या खेपेला बूट आले तेव्हा माझ्या शेजारी बारकी उभी असायची. सोळा वर्षं आम्ही एका दिव्यासमोर काढली. दिसायला पोरीएवढी, म्हणून बारकी. तिनं बूट घालून पाहिले आणि म्हणाली, "अंगठा दाबतोय गं. परत करू का?" स्टोअरकीपर कागद घेऊन उभा, मागे रांग खोळंबलेली. मीच म्हटलं, "कर सही. घालून घालून सैल होतात." चामड्याचं ठीक आहे, पण या बुटांच्या पुढे आतून लोखंडी टोपी असते. ती कुठली सैल व्हायला? बारकीनं दीड महिना काढला, अंगठ्याला फोड आला, तिला साखरेचा त्रास, मग तिनं गुपचूप चपला घालायला सुरुवात केली. सगळ्यांनी कानाडोळा केला. एक दिवस पट्ट्यावर बाटली फुटली आणि काच तिच्या त्याच अंगठ्यात गेली. महिनाभरानं अंगठा काढला आणि तिचं कामही सुटलं. भरपाईच्या अर्जाला उत्तर आलं: कामगारानं मापाचे बूट मिळाल्याची सही दिलेली आहे, तरीही ते वापरले नाहीत.

ते उत्तर वाचून तळपायाची आग मस्तकात गेली होती माझी. पण आग कुणावर काढायची? सही कर म्हणणारी मीच होते. हे मी आजवर घरीसुद्धा बोलले नव्हते.

तर या वेळी नमुन्याचे तीन जोड आले. साहेबांनी पहिला पसंत करूनच ठेवला होता. काळाभोर, चकचकीत, हातात घेतला तर खेळण्याइतका हलका. मी त्याचं टोक आणि टाच धरून वाकवला तर मधोमध वहीसारखा दुमडला. बूट चवड्याशी वाकला पाहिजे, जिथे पाय वाकतो तिथे. मध्ये वाकला की दिवसभर सगळा भार आपली पोटरी उचलते. दुसरा दणकट होता, पण टाचेचा मागचा भाग अंगठ्यानं दाबला तर आत गेला. तिसरा दिसायला म्हशीच्या तोंडासारखा, पुढून रुंद, रंग धड काळा नाही की तपकिरी नाही. त्याची टाच दाबली तर हलेना. आतलं अस्तर काढून जमिनीवर ठेवलं आणि त्यावर उभी राहिले, तर सगळी बोटं आत बसून पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली.

"हे तिन्ही मी एकेक दिवस घालणार," मी स्टोअरकीपरला म्हटलं. "पूर्ण पाळी. शुक्रवारी सांगते."

"काकू, बूट बघायचेत की स्थळ?"

"स्थळ एका चहात पसंत केलं होतं. म्हणून आता जपून."

पहिल्या जोडात मंगळवारी दुपारीच पोटऱ्या भरून आल्या. दुसऱ्यात बुधवारी टाच सोलवटली. बुधवारीच मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त जपून राहावं लागतं.

"काकू, पहिल्या नमुन्याचा माल पुरवठादाराकडे तयार आहे. नवी मापं घेत बसायला वेळ नाही, मागच्याच मापांनी पाठवतील. पुढच्या आठवड्यात तपासणीचे लोक येतायत, तोवर सगळ्यांच्या पायांत बूट दिसले पाहिजेत." मग टेबलावरचा एक कागद त्यांनी बोटानं सरळ केला. "तुमच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र आहे. शुक्रवारी दोन्ही सह्या होऊन जाऊ देत."

मला मुदतवाढ हवी होती. खोटं कशाला बोलू? आमचे हे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि मी कामावर असेपर्यंतच ते कंपनीच्या दवाखान्यात होणार होतं. डॉक्टरांनी तारीख दिली होती ती सहा महिन्यांनंतरची. माझी नोकरी होती चार महिने.

घरी गेले तर हे पाठीला उशी लावून बसलेले. मी तिसरा जोड पिशवीतून काढून दाखवला.

"बापरे! हा घालून तू लाथ मारलीस तर मी जागचा उठणार नाही."

"तसेही तुम्ही जागचे कुठे उठता?"

हसले. मग मी पत्राचं सांगितलं. बारकीचंही सांगितलं, सही कर म्हटल्याचं. ह्यांनी बूट उलटा करून तळवा पाहिला.

"तू जन्मभर उभी, मी जन्मभर बसलेला," ते म्हणाले. "बसलेल्या माणसानं उभं राहणाऱ्याला काय सांगायचं? माझी पाठ काही पळून जात नाही. तू बघ."

मला राग आला. हा माणूस ओरडला असता, सही कर म्हणाला असता, तर किती सोपं गेलं असतं! स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी जरा जास्तच आपटली.

गुरुवारी तिसरा जोड घालून पाळी केली. सुटायच्या वेळी पाय दुखत होते, पण ते दमलेल्या पायांचं दुखणं होतं, बुटाचं नव्हतं. मी रिकाम्या खोक्यांचे गत्ते फाडून जमिनीवर टाकले आणि खोक्यांवर नंबर घालायचं जाड पेन घेतलं.

"एकेक जण या. बूट काढा, दोन्ही पायांवर भार द्या."

कुणी येईना. मग मीच आधी गत्त्यावर उभी राहिले. मोजे उतरवले. मोज्याच्या इलॅस्टिकचे वळ, फुगलेले घोटे, करंगळीवरचं कुरूप, सगळं दिव्याखाली. बघा म्हटलं, पोटभर बघा. झाकणवालीच पुढे आली आणि वाकून तिनं माझ्या पायाभोवती पेन फिरवलं. मग ती स्वतः उभी राहिली. मागच्या यादीत तिचा नंबर सहा होता. पट्टी लावली तर सात भरला.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मी मेली तीन वर्षं पायालाच शिव्या देतेय."

त्यानंतर रांग लागली. बेचाळीस गत्ते झाले. प्रत्येकीनं आपल्या हातानं नाव घातलं. मी एक कोरा गत्ता काखेत मारला आणि घरी न जाता बारकीकडे गेले.

ती दारातच भाजी निवडत बसली होती. मी काय हवंय ते सांगितलं.

"माझा पाय कशाला आता?"

"साहेबांना दाखवायचाय."

ती उठली नाही. मग मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी सही कर म्हणून मीच म्हटलं होतं. माझ्यामुळे झालं."

"तीन वर्षं लागली तुला हे बोलायला?" बारकी म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती आणि मला ती मागायचा हक्कही नव्हता. भाजीचं ताट बाजूला सारून ती भिंतीला धरून उभी राहिली. "घे. दोन्ही घे. नीट काढ."

मी नीट काढला. अंगठ्याच्या जागी पेन सरळच पुढे गेलं. माझे डोळे भरून आले, तर ती म्हणाली, "रड नंतर. रेघ वाकडी होतेय."

शुक्रवारी मी त्रेचाळीस गत्ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, तिसरा नमुना आणि ही मापं. याला सही देते. दुसऱ्या कशाला नाही.

साहेब वरवर चाळत गेले आणि शेवटच्या गत्त्यावर थांबले. "हा कुणाचा?"

मी सांगितलं.

"त्या बाई आता आपल्याकडे नाहीत."

"सोळा वर्षं होत्या. मापाचे बूट मिळाले म्हणून त्यांची सही तुमच्या फायलीत आहे. पायाचं माप नव्हतं, ते आणलं."

स्टोअरकीपर खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी मुदतवाढीचं पत्र उचललं आणि खणात ठेवलं. "काकू, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"साहेब, पाय माझा आहे. धोंडा कुठे पडतो ते मला आधी कळतं."

"बूट लांबले तर बायका तुम्हालाच बोलतील."

"बाहेर उभ्या आहेत. विचारा."

त्यांनी विचारलं नाही. काचेतून मात्र पाहिलं. झाकणवाली सगळ्यात पुढे होती, हाताची घडी घालून. तपासणी तोंडावर आली होती, बूट नाहीत तर निदान मंजुरीचा कागद तरी दाखवायला हवा होता आणि माझ्या सहीशिवाय तो पुरा होत नव्हता. दुपारी तिसरा नमुना मंजूर झाला.

मुदतवाढ गेली. ह्यांचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात लावलंय, नंबर कधी येईल ते तिथले लोकही सांगत नाहीत. रात्री कूस बदलताना हे कण्हतात तेव्हा मी केलं ते बरोबर केलं का, असा प्रश्न पडतो. सकाळी उठल्यावर उत्तर येतं: केलं ते केलं.

बूट यायला तीन महिने लागले. मी ते पंचवीस दिवस घातले. सव्वीस वर्षांतले तेवढे पंचवीस दिवस मी संध्याकाळी दारात पायातले बूट भिरकावून न देता, सावकाश सोडून घरात शिरले.

वाटप झालं त्या दिवशी स्टोअरकीपरनं मला थांबवून एक जादा खोका हातात दिला. नंबर चार.

"हा कुणाचा?"

"मी गत्ते मोजून मागणी केली काकू. गत्ते त्रेचाळीस होते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पावती तेवढी आणून द्या. माल गेला की सही लागते."

बारकीनं दारातच खोका उघडला. डाव्या बुटात अंगठ्याच्या जागी कापूस भरला, नाडी बांधली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पावतीवर नेहमीचं छापलेलं होतं: बूट मापाचे मिळाले, तक्रार नाही. तिनं पेन मागितलं. शेवटचे दोन शब्द खोडले आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'तीन वर्षं उशिरा मिळाले.' मग सही केली, पूर्ण नावाची.

दुसऱ्या दिवशी मी कागद स्टोअरकीपरच्या टेबलावर ठेवला. त्यानं दोनदा वाचला.

"असं लिहिता येत नाही काकू."

"लिहिलंय."

त्यानं शाईच्या पॅडवर शिक्का दाबला, कागदावर उमटवला आणि जुनी फाइल काढून, बारकीची पहिली सही असलेल्या पावतीवर तो लावून टाकला.