कोकिळाबाईंबरोबर नागपूरच्या हॉटेलात

मित्रांनो, सुलतानपूरला कोकिळाबाईंच्या घरी जी निळी, कडक पाठीची सुटकेस आहे, ती मी. माझा रंग आता विटला आहे. एक खटका नीट बसत नाही, म्हणून मला दोरीने बांधावे लागते. पण एके काळी बुलढाण्याच्या एका दुकानात मी दर्शनी जागी उभी होते आणि येणारे-जाणारे माझ्या पाठीवरून हात फिरवून जात.

कोकिळाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला घेतले. त्यांच्या साड्या, बाळाची झबली, पुढे मुलीचे शाळेचे दाखले, सगळे मी सांभाळले. प्रवासही पुष्कळ केले, पण बहुतेक एकाच घरी, नागपूरला त्यांच्या नणंदेकडे. तिथे पोचताच मला पलंगाखाली सरकवत आणि कोकिळाबाई पदर खोचून स्वयंपाकघरात जात. परतीच्या दिवशीच आमची पुन्हा भेट व्हायची. नणंद वाईट नव्हती. पण त्या घरात कोकिळाबाईंना कोणी ‘बसा’ म्हटल्याचे मला आठवत नाही.

त्या वाटेवर एक देखणे, उंच हॉटेल लागायचे. एकदा आमची रिक्षा तिथे सिग्नलला थांबली. मोठ्या काचेच्या खिडकीशी एक बाई एकटीच चहा पीत बसली होती. कुणाची वाट पाहत नव्हती, कुणाला वाढत नव्हती. रिक्षा सुटली तरी कोकिळाबाई मान वळवून बघत राहिल्या.

पुढे त्यांची मुलगी पुष्पांजली पुण्याला नोकरीला लागली. तिने चाकांची बॅग घेतली आणि मी माळ्यावर गेले. माझ्यात मेथीचे बी ठेवू लागले. उंदराने माझा एक कोपरा कुरतडला. आपले दिवस संपले, असेच मला वाटत होते.

यंदा हिवाळ्यात नागपूरला शेतीचे प्रदर्शन भरणार होते. कोकिळाबाई वांगी, टोमॅटो लावतात. त्यांना रोपवाटिका कशी करतात ते पाहायचे होते. यजमान उत्तमरावांचा गुडघा दुखत होता.

“मी एकटी जाते,” त्या म्हणाल्या.

“जा ना. ताईले फोन करतो.”

“ताईकडे नाही. हाटेलात राहीन.”

“हाटेलात? घर असून? काऊन?”

“तिथं गेली की मले पोळपाट दिसते, प्रदर्शन नाही दिसत.”

उत्तमराव उठून मळ्यात निघून गेले. नंतर त्या जेवायला वाढत, ते जेवत, पण बोलणे होईना.

पुष्पांजली फोनवर हॉटेलांचे फोटो पाठवू लागली. एक लॉज बसस्टँडला लागूनच होते. “त्याचा जिना अंधारा दिसते,” कोकिळाबाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या गल्लीत दिवेच नव्हते. त्या एकेक पाहत होत्या. दार मोठ्या रस्त्यावर आहे का, आतून कडी आहे का, एकट्या राहिलेल्या बायांनी काय लिहिले आहे. मग ती मोठी काचेची खिडकी समोर आली. “हेच,” त्या म्हणाल्या.

“आई, नवी बॅग तरी घे.”

“माझी आहे ना,” म्हणत त्यांनी मला खाली काढले आणि ओल्या फडक्याने पुसले.

हॉटेलच्या चकचकीत फरशीवर मला माझ्या दोरीची लाज वाटली. काउंटरवरच्या माणसाने विचारले, “मॅडम, सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“एकट्या लेडीज असल्या की आम्ही घरच्यांशी बोलून घेतो. मिस्टरांचा नंबर द्या.”

बाहेर दिवेलागण झाली होती. आता जायचे तर नणंदेकडेच. कोकिळाबाईंनी मला फरशीवर टेकवले.

“माझे मिस्टर एकटे आले असते, तर मले फोन लावला असता का तुम्ही?”

तो माणूस कॉम्प्युटरकडे पाहू लागला.

“खोली माझ्या नावानं आहे. आधार कार्ड माझं आहे. मी बसते इथंच.”

आणि त्या समोरच्या सोफ्यावर ताठ बसल्या. मी त्यांच्या पायाशी. येणारे-जाणारे पाहून जात. बऱ्याच वेळाने तिथल्या मॅनेजर, योगिनी नावाच्या तरुण बाई, आल्या. त्यांनी दोघांचे ऐकले आणि कोकिळाबाईंशेजारी येऊन बसल्या. “काकू, चुकलं आमचं. चला, खोली दाखवते.” मला त्यांनी स्वतः उचलले, दोन्ही हातांनी.

खोलीत शिरून कोकिळाबाईंनी कडी लावली आणि पलंगाच्या कडेला बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. उत्तमराव होते.

“पोचली का?”

“हाव.”

“तरास नाही ना झाला?”

“झाला थोडा. मी पाह्यलं त्याचं.”

पलीकडे भांडे सरकवल्याचा आवाज आला. मग, “खिचडी टाकली मी. खालून लागली.”

“खिचडीच्या गंजात पाणी टाकून ठेवा.”

“ठेवलं. खोली कशी आहे?”

“खिडकीतून सारा रस्ता दिसते.”

“नवी जागा आहे. दिवा चालू ठेवून झोप.”

प्रदर्शन झाले. निघायच्या सकाळी आम्ही दोघी खाली त्या खिडकीशी बसलो. कोकिळाबाई सवयीने कप आणायला उठल्या, तर वाढणारा म्हणाला, “बसा मॅडम, मी आणतो ना.” त्या बसल्या. चहा सावकाश प्यायल्या, आणि मग आणखी एक मागितला.

सुलतानपूरच्या फाट्यावर उत्तमराव मोटारसायकल घेऊन उभे होते. मला हातातून घेत ते म्हणाले, “ताईचा फोन आला होता. रागावली. मी म्हटलं, ती तिच्या कामाले गेली, तिले आराम पाह्यजे होता.” वाटेत कोकिळाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता मी माळ्यावर नसते, कपाटाशेजारी असते. मित्रांनो, तुमच्या बॅगा आई भरून देते. एकदा तिची बॅग तुम्ही भरून द्या, आणि तिला कुठे जावेसे वाटते ते विचारा.

आज सकाळीच शेजारच्या सरस्वतीबाई काठी टेकत आल्या. “कोकिळा, ते तुही निळी सुटकेस दे वं मले.”

“कुठं चालल्या काकू?”

“ते नाही ठरलं अजून,” त्या म्हणाल्या. “पण एकटीच चालली.”