चहाची खूण

आमच्या यांना बाजारात सगळे कानसेन म्हणतात. गाणं ऐकणारे कानसेन वेगळे, हे इंजिन ऐकणारे. आमचं गॅरेज आहे, पण पंक्चर काढणारं, ऑइल बदलणारं नव्हे. टर्बोच्या गाडीला कंपनीने दिलेला जोर ज्यांना पुरत नाही, असे लोक आमच्याकडे येतात. दिलेलं कधी कुणाला पुरलंय म्हणा!

काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. ती हवा आणखी कोंबायची, याला बूस्ट वाढवणं म्हणतात. पण हवा वाढवली की पेट्रोलही त्याच मापात वाढवायला लागतं. टाकीतला पंप मोठा, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे, नळ्या जाड. हवा जास्त झाली आणि पेट्रोल कमी पडलं तर आत भलत्या वेळी भडका उडतो आणि इंजिन ठोके खायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज येतो. तो ऐकून थांबलात तर वाचलात, नाही थांबलात तर पिस्टन गेला म्हणून समजा.

तो आवाज ओळखणं हीच यांची विद्या. इंजिनाला छोटासा माइक लावायचा, हेडफोन घालून गाडीत बसायचं, गाडी रोलरवर जागच्या जागी पळवायची आणि ऐकायचं. त्याच माइकची एक वायर यांनी हौसेने माझ्या काउंटरवरच्या स्पीकरला जोडून दिली होती, गिऱ्हाइकालाही ऐकू यावं म्हणून. गिऱ्हाइकाला काय डोंबल कळतंय! त्याला नुसती घरघर. पण बिलं करता करता, फोन घेता घेता इतकी वर्षं ऐकून मला मात्र तो आवाज कळायला लागला. मला कळायला लागला आणि हळूहळू यांना कळेनासा झाला.

आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिट्टी. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. मी म्हणावं, "अहो, मोबाइल वाजतोय," तर विचारतात, "कोण लाजतंय?" मी हसायची, मग एके दिवशी हसू येईना. डॉक्टरकडे चला म्हटलं तर केवढ्याने खेकसले! "माझ्या कानांना काही झालेलं नाही. तू पुटपुटतेस." मी पुटपुटते! जिचा आवाज तीन दुकानं पलीकडे जातो ती मी! पण पुढे बोलले नाही. कानसेन बहिरा झाला हे बाजाराला कळलं तर गॅरेजला कुलूप लागेल, ते एक वेळ लागू दे. पण हा माणूस नुसता घरात बसला तर आठवड्यात म्हातारा होईल, ही मला खरी भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती झाकून धरली होती.

झाकायची कशी, तर चहाने. एकदा स्पीकरमध्ये खडे वाजले आणि हे आपले आत खुशाल पुढच्या फेरीची तयारी करताहेत. गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं. ओरडून सांगायची सोय नाही. मी किटलीतला चहा कपात ओतला आणि सरळ आत गेले. हे वैतागले, "ही काय चहाची वेळ आहे?" पण घोट घेता घेता लॅपटॉपकडे पुन्हा बघितलं, काहीतरी खालीवर केलं आणि पुढच्या फेरीला आवाज स्वच्छ. मी मनात म्हटलं, वा, थांबून पाहिलं की यांचं यांना सापडतं. तेव्हापासून तेच. एरवी चहा बाहेर काउंटरवर, आणि खडे वाजले की आत. दर वेळी हे कुरकुरायचे, प्यायचे आणि बूस्ट उतरवायचे. आणि मी आपली खूश, की कशी गंडवते या माणसाला!

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर माझा भाचा गाडी घेऊन आला. माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण नोकरीला जायची, म्हणून हा माझ्याच कडेवर वाढला. आता स्वतः नोकरी करतो, पण मावशी दिसली की अजून हातातली पिशवी काढून घेतो, खुर्ची पुढे करतो. गुणी पोरगं. फक्त गाडीचं नाव काढलं की अक्कल गहाण. त्याला रविवारी मित्रांबरोबर ट्रॅकवर उतरायचं होतं आणि त्याआधी बूस्ट वाढवून हवा होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

हे मन लावून कामाला लागले. टाकी उतरवली, पंप बदलला, पंपाची वायर जाड घातली, मोठे इंजेक्टर काचेच्या नळ्यांत फवारून चारही सारखे भरतात का ते बघितलं. भाचा वेळ मिळेल तसा येऊन शेजारी बसायचा, आणि हे त्याला इतकं समजावून सांगायचे की मला हेवा वाटायचा. माझ्याशी दिवसभरात एवढं बोलतात का! शेवटी एकच वस्तू राहिली. पेट्रोलच्या फिल्टरपासून इंजिनापर्यंतची वीतभर रबरी नळी. जुनी होती, आतून भुसभुशीत झाली असणार, आणि नवी यायला सोमवार उजाडणार होता.

"थांबू या सोमवारपर्यंत," हे म्हणाले.

"काका, वीतभर तर नळी आहे!" भाचा म्हणाला. "एवढं सगळं नवं केलं, आता तेवढ्यासाठी रविवार घालवू?"

हे हसले. लाडक्या पोरापुढे यांचं कधी चाललंय? वर छाती फुगवून म्हणाले, "बरं, बघू. काही बिघडलं तर मला ऐकू येईलच की."

मी काउंटरवर होते. म्हणावंसं वाटलं, नाही येणार हो ऐकू, नका करू. पण भाचा समोर, तो यांच्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. बोलावं तर यांची अब्रू जाते, न बोलावं तर पोराची गाडी जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी किटली भरून ठेवली. तेवढंच माझ्या हातात होतं.

शनिवारी दुपारी गाडी रोलरवर चढली. आतल्या खोलीत समोर माणसाएवढा पंखा, त्याचा असा घोंघाट की दोन हातांवरचं बोलणं कळत नाही. माझ्या काउंटरला मोठी काच आहे, तिथून आत सगळं दिसतं. दार मात्र बाजूला, आणि गाडी पळत असताना ते आतून लावून घ्यायचं, फेरी संपली की उघडायचं, हा यांचाच नियम. आज कडी भाच्याच्या हातात होती. कंपनीचा एक सेन्सर असतो नॉकिंग ओळखणारा, पण मोठ्या इंजेक्टरच्या टकटकीनेच तो घाबरतो, म्हणून हे तो बंद करतात. "मी आहे ना," म्हणतात.

पहिल्या फेऱ्या छान झाल्या. स्पीकरमधून एकसारखा, भरलेला आवाज. मग बूस्ट वर नेला आणि गाडी पुन्हा पळाली. आधी मला वाटलं, भास. मग पुन्हा. बारीक, उंच, दोनचार खडे.

नंतर उघडून बघितलं तेव्हा कारण कळलं. वाढलेल्या दाबाने त्या जुन्या नळीचा रबराचा कण सुटला होता आणि एका इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसला होता. चारातला एक सिलिंडर उपाशी. पण लॅपटॉपवर हवा-पेट्रोलच्या मापाचा चौघांचा मिळून एकच आकडा दिसतो. तीन पोरं पोटभर जेवली आणि एक उपाशी राहिलं, तरी "जेवलात का रे" विचारल्यावर "हो" असाच गलका होतो, तसं. आकडा चांगला होता. हे कानानेच कळणार होतं.

फेरी संपताच मी कप भरला आणि निघाले. दार वाजवलं, हातानं नाही, पायानं वाजवलं. भाच्याने अर्धं उघडलं. घामाने निथळत होता आणि चेहरा असा फुललेला की बघून माझा जीव तुटला.

"मावशी! तू कशाला आलीस? आण इकडे." आणि कप माझ्या हातातून घेतला.

"अरे, तो त्यांचा आहे. मला आत येऊ दे."

"आत भट्टी झालीय नुसती, चक्कर येईल तुला. मी देतो ना!"

"आत्ताच्या आत्ता दे. त्यांच्या हातात."

"हो गं बाई, देतो. काका कसले रंगात आलेत! आकडे बघशील तर वेडी होशील."

काय सांगू त्याला? तुझ्या काकांना ऐकू येत नाही, हा चहा नाही, हा निरोप आहे, असं? शब्द ओठांवर आले होते. पण इतके महिने मिटलेलं तोंड, ते काही वेळेवर उघडेना. तेवढ्यात दार लागलं आणि आतून कडी बसली.

मी दार बडवलं. पंख्यापुढे कुणाला ऐकू जाणार! धावत काचेपाशी आले. भाचा कप घेऊन गाडीपर्यंत गेला, खिडकीतून डोकावला. हे लॅपटॉपमध्ये मान घालून बसले होते, कानावर हेडफोन. काकांना मध्येच कशाला उठवा, असा विचार केला असणार त्याने. दोन पावलं मागे सरला आणि गधड्याने स्वतःच एक घोट घेतला.

मग यांनी मान वर केली आणि दाराकडे बघितलं. जरा थांबलेसुद्धा. दार बंद होतं. भाच्याला अंगठा दाखवला आणि पाय दाबला.

मी दोन्ही हातांनी काच बडवायला लागले. "अहो, थांबा! थांबा हो!" घसा फाटेस्तोवर ओरडले. हे समोर बघत होते. भाच्याचं लक्ष गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि कप उंच धरून मला दाखवला. त्याला वाटलं, मावशीला आनंद झालाय. मागे स्पीकरमधून खडे वाजत होते, आता चार नाही, डबा भरून, आणि ते ऐकणारी या अख्ख्या गॅरेजमध्ये मी एकटी. मी कानांवर हात घेतले. तरी तो धाडकन आवाज आलाच.

मग निळा धूर, आणि रोलर आपले थोडा वेळ रिकामेच फिरत राहिले. पंखा बंद झाला. कडी निघाली आणि हे बाहेर आले, हेडफोन गळ्यात लोंबत होते. मागून भाचा, चेहरा पांढराफटक, कप अजून हातातच. त्याने यांच्या पाठीमागून विचारलं. रागाने नाही, बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं.

"काका, तुम्हाला आधी काहीच ऐकू आलं नाही?"

हे वळले नाहीत. तो प्रश्नसुद्धा यांच्यापर्यंत पोचला नव्हता. सरळ काउंटरपाशी आले, दोन्ही हात टेकले आणि अगदी हळू मला विचारलं, "अगं, चहा का नाही आणलास?"

म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्या कपापासून माहीत होतं. मी समजत होते मी गंडवतेय, आणि हा माणूस आपली सगळी इंजिनं, सगळं नाव माझ्या किटलीच्या भरवशावर टाकून आत बसत होता. एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. एकदा बोललो असतो तर एक साधा लाल दिवा बसवला असता आत. दिवा कुणी मायेने हातातून काढून घेतला नसता.

"आणला होता," मी म्हटलं.

"आं?" हे पुढे वाकले. डोळे माझ्या ओठांवर.

भाचा मागे उभा राहून ऐकत होता. हळू बोलले तर यांना कळणार नाही आणि मोठ्याने बोलले तर त्याला सगळं कळेल. आणि यांच्या डोळ्यांत तर असं काही होतं, की हिनंच मला दगा दिला की काय. ते मला बघवेना.

"आणला होता हो!" मी ओरडले. तीन दुकानं पलीकडे गेलं असेल. "दारापर्यंत आणला होता! याने घेतला माझ्या हातातून!"

यांनी ऐकलं. मान हलवली. भाच्याने आधी हातातल्या कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग यांच्या गळ्यातल्या हेडफोनकडे. त्याने कप काउंटरवर ठेवला. रडायला लागेल असं मला वाटलं, गाडीसाठी रडला असता तरी मी त्याला जवळ घेतलं असतं. पण तो गुणी पोरगा. त्याने खुर्ची ओढली, वळसा घालून यांच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला, आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाला, "काका. तुम्ही. बसा."

हे बसले.